पेल्यातले चार थर आणि एक खोटा चमचा

‘त्या संध्याकाळी साहेबांनी स्वतः बाह्या सरसावल्या, चांदीचा चमचा पेल्यात उलटा धरला आणि त्याच्या पाठीवरून चार रंगांची मद्ये एकावर एक अशी अलगद सोडली की परदेशी पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. हे कसब साहेब विलायतेहून शिकून आले होते.’

आमच्या चादरीच्या कारखान्याच्या स्मरणिकेत चौदाव्या पानावर हा मजकूर छापलेला आहे. लिहिणारे आमचे जुने स्टोअरकीपर. गृहस्थ सज्जन आहेत, अक्षर सुरेख आहे, आणि त्या संध्याकाळी ते बंगल्याच्या फाटकावर पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होते. पेल्यापासून फाटक शंभर पावलांवर होते. साहेबांनी बाह्या सरसावल्या, चमचा उलटा धरला, हे खरे. थर चार होते हेही खरे. पाहुण्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने जे केले ते टाळ्यांहून मोठे होते आणि ते मी यथास्थित सांगणार आहे. उरलेले सारे खोटे आहे.

स्मरणिका हाती पडताच मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, “अहो, पन्नास वर्षं होत आली. आता कोणाचं काय जातंय?” हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते, फार मोठ्या माणसाच्या तोंडून, आणि त्याला ते शोभले होते. स्टोअरकीपरांना ते शोभत नाही.

दुसरीही एक हकीकत फिरते आहे. ती माझ्या गौरवाची आहे. कारखान्याचा केमिस्ट मी होतो, द्रवाचे वजन मोजण्याचे उपकरण माझ्या हाती होते, तेव्हा ते थर मीच रचले, असे काही जुने सहकारी स्मरणिकेच्या प्रकाशन समारंभात सांगत होते. माझ्या नातवाने ते मोठ्या अभिमानाने मला ऐकवले. मी त्यालाही सांगितले, की हे खोटे आहे. जे माझे नाही ते मी कोणी ताटात वाढून दिले तरी घेत नाही. आणि जे दुसऱ्याचे आहे ते तिसऱ्याच्या ताटात गेले तर गप्प बसत नाही. गप्प बसलो तो एकदाच, आणि का बसलो तेही येथे लिहितो.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचा कारखाना होता. मी बार्शीहून बीएस्सी होऊन आलो होतो आणि रंगखात्याशेजारच्या एका लहानशा खोलीला प्रयोगशाळा म्हणत होतो. माझे मुख्य शस्त्र म्हणजे ट्वाडल. ज्यांनी रंगखाते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: ट्वाडल म्हणजे बुडाशी वजन भरलेली काचेची बंद नळी, तिच्या मानेवर आकडे. द्रवात सोडली की ती उभी तरंगते. द्रव जड असेल तर मान जास्त वर राहते, हलका असेल तर नळी बुडते. साध्या पाण्यात ती बरोबर शून्यावर उभी राहते. कॉस्टिकच्या हौदात ट्वाडल लावल्याशिवाय आमच्याकडे सूत उतरत नसे.

रंगखात्याचे खरे धनी मात्र मास्तर होते. शाळेचे मास्तर नव्हेत, रंगमास्तर. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि हौदाशी बोलताना दोन्हींची भेसळ. वय साठीला टेकलेले, बोटांची नखे कायमची निळी. पुस्तकातले एक अक्षर त्यांना येत नव्हते, परंतु हौदावर हात धरून ते वाफेवरून सांगत, की रंग आता सुताला धरेल आणि आता सोडून देईल. मी थर्मामीटर घालून पाही. प्रत्येक वेळी मास्तर बरोबर निघत. मला याचा राग येई. पंचविशीतला पदवीधर मनुष्य होतो, राग येणारच.

त्या वर्षी मास्तरांच्या हातून एक चूक झाली. गडद निळ्या सुताच्या काही लडी त्यांनी काळ्या म्हणून पुढे सोडल्या. चादरी विणून झाल्या, उन्हात उघडल्या, तेव्हा काळ्या काठात निळा पट्टा दिसला. साहेबांनी मला बोलावून सांगितले, की मास्तरांच्या नजरेची परीक्षा घ्या आणि सोमवारपर्यंत लेखी अहवाल द्या. अहवाल वाईट असेल तर म्हाताऱ्याला हौदावरून उठवून गोदामाच्या दारावर बसवायचे, असा विचार होता. मी मास्तरांसमोर एक निळी आणि एक काळी लडी धरली. त्यांनी दोन्ही हातात घेतल्या, नाकाशी नेल्या आणि बरोबर ओळखल्या. त्यांनी वासावरून ओळखल्या हे माझ्या लक्षात आले. पुढच्या वेळी मी लडी दुरून दाखवल्या. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “दोनीबी चांगल्या हायेत की.”

मी अहवाल लिहिला. नजर रंगपरीक्षेस अपात्र. वाक्य खरे होते. सहीपुरती जागा मोकळी ठेवून कागद खणात टाकला.

त्या सोमवारच्या आदल्या रविवारी साहेबांच्या बंगल्यावर मेजवानी होती. परदेशातला एक मोठा खरेदीदार आमच्या चादरी आणि टॉवेल पाहायला सोलापुरात आला होता. बंगला कारखान्याच्या आवाराला लागूनच होता. मद्याचा परवाना साहेबांच्या नावे होता, त्याविषयी कोणी शंका घेऊ नये. पाहुण्याने भेट म्हणून चार बाटल्या आणल्या होत्या: कॉफीचे काळसर मद्य, पुदिन्याचे हिरवेगार, संत्र्याचे जवळजवळ पाण्यासारखे फिके, आणि तांबूस ब्रँडी. पहिली तीन साखरेने इतकी दाट, की बाटली तिरकी केली तर काचेवरून सावकाश उतरत. सोबत एका मासिकाचे पान होते. त्यावर बोटभर उंचीच्या पेल्यात चार रंग एकावर एक उभे होते, मध्ये कसली भिंत नाही, पडदा नाही. पाहुणा गमतीने म्हणाला होता, की रंगाचा कारखाना तुमचा आहे, तेव्हा हे संध्याकाळी तुम्ही करून दाखवा. साहेब हो म्हणाले. ते माणूस वाईट नव्हते. परंतु परक्या माणसापुढे त्यांच्या तोंडून ‘नाही’ निघत नसे.

दुपारी चारला त्यांनी मला बोलावणे धाडले. मी गेलो तेव्हा मागच्या व्हरांड्यातल्या मेजावर पांढरी चादर अंथरलेली होती, तिच्यावर बारा लहान पेले होते आणि साहेब बाह्या सरसावून, हातात चमचा घेऊन उभे होते. मासिकातल्या चित्रात चमचा होता. म्हणून चमचा.

कोणते खाली आणि कोणते वर, एवढेच त्यांनी मला विचारले. आणि येथे मी माझी चूक कबूल करतो, कारण दुसऱ्यांच्या चुका दाखवणाऱ्याने स्वतःची झाकू नये. मी एका क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “गडद तो जड.” रंगखात्यात हे खरे असते. हौदात जितका रंग अधिक, तितके पाणी काळे आणि तितकेच जड. त्या नियमाने मी क्रम लावून दिला: तळाशी कॉफी, तिच्यावर हिरवा, त्यावर तांबूस ब्रँडी आणि सर्वांत वर फिके संत्रे.

साहेबांनी चमचा उलटा धरला. कॉफीवर हिरवा ओतला तेव्हाच सीमेवर ढग उठले. ब्रँडी कशीबशी वर राहिली. मग संत्र्याचे मद्य सोडले, ते ब्रँडीला भोसकून सरळ खाली गेले आणि क्षणात साऱ्या पेल्याला कारखान्यामागच्या नाल्याचा रंग आला. बाईसाहेब दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “पाहुण्यांना हे औषध म्हणून द्यायचं, की शिक्षा म्हणून?”

दुसरा पेला तसाच गेला. साहेब माझ्याकडे पाहू लागले. मी पेल्याकडे पाहू लागलो.

तेवढ्यात व्हरांड्याच्या पायरीवरून आवाज आला. “रंग नासला की ओ.”

मास्तर होते. संध्याकाळी पाहुण्याला रंगाचे नमुने दाखवायचे म्हणून त्यांना लडींचा गठ्ठा घेऊन बोलावले होते. धुतलेले धोतर, पांढरा सदरा, मांडीवर गठ्ठा, असे ते तासाभरापासून पायरीवर बसून होते आणि आम्हां दोघांनाही त्यांची आठवण नव्हती. दोन रंग एकमेकांत शिरून बिघडले की आमच्या खात्यात रंग नासला म्हणत, आणि मास्तर ते अशा स्वरात म्हणत, की घरात कोणी आजारी आहे असे वाटावे. पेल्यातले त्यांना दिसले असेल असे मला वाटत नाही. त्यांनी बाईसाहेबांचे ऐकले आणि आमची शांतता ऐकली.

साहेबांनी त्यांना थोडक्यात प्रकार सांगितला. मास्तर उठून आले. प्रत्येक बाटलीच्या तोंडाशी नाक नेले. ब्रँडीपाशी मान मागे घेतली. थेंबभरही त्यांनी चाखले नाही. माळकरी नव्हते, पण मद्याला शिवत नसत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “केमिस्टसायेब, रंगावर जाऊ नगा. रंग फसवतोय. ट्वाडल लावा की.”

ज्याची नजर अपात्र असल्याचा कागद माझ्या खणात होता, तो मनुष्य मला सांगत होता की डोळ्यांवर विसंबू नका. मी सायकल काढली, प्रयोगशाळा उघडली आणि ट्वाडल, ते सोडायला काचेचा उंच नळा व तीन कोरी बीकरे घेऊन आलो. बाईसाहेबांनी नळा पाहिला आणि विचारले, “यात तुम्ही तो कॉस्टिक सोडा घालता ना?” मी शपथेवर सांगितले, की हा नळा कधीही वापरलेला नाही. त्यांनी तो तरीही तीनदा धुवायला लावला.

कॉफीत ट्वाडल अठ्ठावीसच्या आसपास उभे राहिले. हिरव्यात विसाच्या थोडे वर. फिक्या संत्र्यात दहा. आणि ब्रँडीत सोडले तर ते शून्यही ओलांडून मानेसकट बुडाले आणि तळाला जाऊन टेकले. ती पाण्याहूनही हलकी होती. गडद दिसणारी ब्रँडी सर्वांत हलकी आणि पाण्यासारखे दिसणारे संत्रे तिच्यापेक्षा कितीतरी जड. माझा ‘गडद तो जड’ तेथेच बुडाला.

क्रम मिळाला. तळाचा कॉफीचा थर दहाही पेल्यांत मी ओतला. त्याला कसब लागत नाही आणि या सगळ्यात माझा वाटा एवढाच. हिरव्यासाठी साहेबांनी पुन्हा चमचा उचलला. हिरवा चमच्याच्या कडेवरून एकवटून धारेने पडला आणि कॉफीत बुडी मारून गढूळ होऊन वर आला. मग मी चमचा घेतला. माझा हात प्रयोगशाळेत सरावलेला होता असा माझा समज होता. तोही पेला नासला. आता आठच पेले धड राहिले होते. साहेबांनी घड्याळ पाहिले. पाहुणा तासाभरात येणार होता.

मास्तरांनी गठ्ठा सोडला. नमुन्यांत एक कोरी लडी नेहमी असे: उकळून, धुऊन शुभ्र केलेली, रंग न लावलेली, बाकीच्या रंगांशी ताडून पाहण्यासाठी. तिच्यातून त्यांनी वीतभर लांबीचे बारा धागे तोडले. प्रत्येकाला बोटाच्या एका पेराच्या अंतराने तीन गाठी मारल्या. गाठी मारताना ते हाताकडे पाहत नव्हते. समोर, बागेच्या दिशेने कोठे तरी पाहत होते. मग सगळे धागे पाण्यात बुडवून दोन बोटांत निपटले.

मी विचारले, “ओले कशाला?”

“कोरडं सूत रंगात घालत्यात व्हय?” ते म्हणाले. हा आमच्या खात्याचा पहिला धडा होता. कोरडे सूत रंगाला अडवते, ओले सूत वाट देते.

नासलेले पेले मी धुऊन आणले, त्यांत पुन्हा कॉफीचा थर घातला. बारा पुरे झाले. पुढे जे पाहिले ते मी आजवर कोणाला नीट सांगू शकलेलो नाही. प्रयत्न करतो.

मास्तरांनी हिरव्याचे बीकर डाव्या हातात घेतले. धाग्याचे एक टोक बीकरच्या चोचीवर अंगठ्याने दाबून धरले, पहिली गाठ बरोबर अंगठ्याखाली. दुसरे टोक पेल्याच्या आतल्या काचेला चिकटून, कॉफीच्या पृष्ठाला टेकेल न टेकेल असे. मग बीकर जरासे कलते केले. हिरवे मद्य चोचीपाशी आले आणि खाली पडले नाही. त्याने धाग्याची वाट धरली. तिरक्या ताणलेल्या ओल्या सुतावरून ते एका मागोमाग एक मण्यांसारखे उतरत गेले, काचेला टेकले, आणि कॉफीवर इतक्या अलगद पसरले की कॉफीला ते कळलेसुद्धा नाही. आवाज नाही, बुडबुडा नाही. काळ्या पृष्ठावर आधी एक हिरवी झिलई आली, मग ती जाड होत गेली, आणि दोहोंमध्ये ओढलेल्या रेघेसारखी सीमा तशीच राहिली.

रसायनशास्त्र मी शिकलो होतो. जड खाली, हलके वर, हे मला ठाऊक होते आणि ट्वाडलने ते सिद्धही केले होते. तरीही डोळ्यांसमोर दोन पाणी एकमेकांवर, एकमेकांना न शिवता निवांत निजलेली पाहिली तेव्हा कारण ठाऊक असल्याचा काही उपयोग होईना. देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर बाहेरचा गलका जसा एकाएकी दूर जातो, तसे माझे बीएस्सी दूर गेले.

साहेबांनी न राहवून पेला उचलून पाहण्यासाठी हात पुढे केला. मास्तर म्हणाले, “आगु.”

तेलुगूत याचा अर्थ थांब. थांबा नव्हे, थांब. हौदावरच्या माणसांना ते असेच म्हणत. कारखान्याच्या मालकीत ज्यांचा हिस्सा होता त्यांना आयुष्यात कोणी असे म्हटले नसेल. साहेब थांबले. हात मागे घेऊन त्यांनी तो पाठीमागे धरला, वर्गातल्या मुलासारखा.

हिरवे झाल्यावर मास्तरांनी सूत एका गाठीने वर ओढून घेतले. टोक आता हिरव्याच्या पृष्ठाशी आले. दुसरे बीकर, संत्र्याचे. आणखी एक गाठ. तिसरे बीकर, ब्रँडीचे. तेव्हा मला गाठींचा अर्थ लागला. थर किती चढला, हे ते डोळ्यांनी पाहत नव्हतेच. अंगठ्याखालची गाठ त्यांना सांगत होती.

पहिला पेला पुरा झाला. मास्तरांनी धागा काचेला घासत हळूच काढून घेतला आणि मान माझ्याकडे वळवून, साहेबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारले, “रंग बसला का?”

वीतभर अंतरावर पेला होता. पश्चिमेचे ऊन व्हरांड्यात तिरपे आले होते आणि त्या पेल्यातून जाऊन पांढऱ्या चादरीवर पडले होते: तपकिरी, हिरवी, मग जवळजवळ नुसती उजेडाची, आणि शेवटी मधासारखी, अशा चार पट्ट्या. एवढे सारे त्यांच्यासमोर होते आणि ते मला विचारत होते, रंग बसला का.

मी म्हणालो, “बसला मास्तर.”

दुसरा पेला सुरू करताना ते म्हणाले, “उद्या माझा रिपोर्ट हाय म्हनं.” कारखान्यात गुपित असे काही राहत नसे. ते धाग्यावर अंगठा दाबत म्हणाले, “खरं लिवा. डोळ्याचं लिवा. पन हाताचंबी लिवा की.”

पाठोपाठ पेले होत गेले. साहेब पाहुण्यांना आणायला पुढच्या दाराने गेले. बाईसाहेब दारातून हलल्या नाहीत. अकरा धागे निघाले. बारावा पेला नुकताच भरला होता, धागा अजून कडेवरून बाहेर लोंबत होता, तोच आतल्या खोलीत बुटांचे आवाज आले. मास्तरांनी बीकर माझ्या हातात दिले, लडींचा गठ्ठा उचलला आणि ते पायरी उतरून बाजूला उभे राहिले. अंगावर थेंब सांडलेला नव्हता.

आता टाळ्यांविषयी. पाहुणा सहा फुटांहून उंच, भारी सूट घातलेला मनुष्य होता. तो मेजापाशी आला, थबकला आणि सर्वांदेखत गुडघे टेकून खाली बसला. त्याला पेल्यांच्या पातळीला डोळे न्यायचे होते. बारा पेले, अठ्ठेचाळीस थर, आणि त्यांच्यापलीकडे बुडणारा सूर्य. तो कितीतरी वेळ तसाच बसला होता. मग त्याने मान वर करून साहेबांना इंग्रजीत विचारले, की हे कोणी केले.

साहेबांनी एकदा पायरीकडे पाहिले. मग चमच्याकडे पाहिले. तो मेजावरच पडलेला होता. आणि ते म्हणाले, “मी.”

मी तोंड उघडले होते. मास्तरांनी पायरीवरून नुसता हात हलवला, हौदावर ‘राहू दे’ म्हणून हलवत तसा. पाहुण्याने कॅमेरा काढला, साहेबांच्या हातात सर्वांत जवळचा पेला दिला आणि छायाचित्र घेतले.

त्या रात्री घरी जाऊन मी अहवालात दुसरा परिच्छेद लिहिला. मास्तरांची नजर गेली आहे. परंतु रंग कधी धरतो, कधी सोडतो, हे ज्याला कळते असा दुसरा मनुष्य या कारखान्यात नाही. आणि रविवारी बंगल्यावर चार द्रवांचे थर त्यांनी न पाहता, केवळ सुताच्या साहाय्याने रचले, ते मी प्रत्यक्ष पाहिले. रंग ताडण्याचे काम मी करीन. हौद त्यांच्याकडेच असावा.

सोमवारी साहेबांनी तो वाचला. कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “हा परिच्छेद फाइलला गेला तर मी खोटा ठरतो.”

मी म्हणालो, “हो.”

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, “दोन्ही काढून टाका. नजरेचाही नको आणि हाताचाही नको. रंग तुम्ही ताडत जा. म्हातारा हौदावर राहील, जोवर त्याला राहायचं आहे तोवर. पण चमचा तो चमचाच.”

मी त्यांना हो म्हटले नाही. मी रंगखात्यात गेलो आणि मास्तरांना सारे सांगितले. मनात होते की त्यांनी नाही म्हणावे, म्हणजे मला भांडता येईल. भांडण मला कधी जड गेलेले नाही. मास्तर हौदावर वाकलेले होते. वाफेत हात धरून त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “चमचा म्हनू द्या की. चमच्याचं काय जातंय? हौद ऱ्हातोय न्हवं?”

हे ते वाक्य. हौद राहतो आहे ना, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर कीर्ती त्यांनी हातावरचे पाणी झटकावे तशी झटकली. मी कागद फाडला. त्यांनी पुढे कित्येक वर्षे हौद सांभाळला. मी लडी ताडत असे आणि निळा की काळा ते सांगत असे; ते वाफेवरून सांगत की आता. आम्हां दोघांचे मिळून दोन डोळे आणि दोन हात होते, आणि त्या काळात आमच्या कारखान्यातून एकही लडी चुकीच्या रंगाची गेली नाही. साहेब रंगखात्यात येत तेव्हा हौदाजवळ बोलताना आवाज खाली आणत. तेही ती संध्याकाळ विसरले नव्हते, हे मला त्यावरून कळे.

आता साहेब नाहीत, मास्तर नाहीत. ज्यांच्यासाठी मी गप्प होतो त्यांपैकी कोणाचेही आता काही बिघडत नाही, आणि चमचा मात्र छापून आला आहे. स्टोअरकीपर फोनवर म्हणाले, की तुमच्याजवळ कागद काय आहे? कागद मी फाडला, हे खरे आहे. बाईसाहेबांची साक्ष काढायला उशीर झाला आहे. माझ्या शब्दाला ते वयाचा दोष लावतील, तोही लावू द्या.

परंतु चौदाव्या पानावर त्यांनी मजकुरासोबत ते छायाचित्रही छापले आहे, पाहुण्याने पुढे टपालाने पाठवलेले. साहेबांच्या हातात बारावा पेला आहे. पेल्याच्या कडेवरून बाहेर खाली उतरणारी एक बारीक पांढरी रेघ आहे. स्टोअरकीपरांनी खाली कंसात लिहिले आहे, की जुन्या निगेटिव्हवर ओरखडा पडला आहे, क्षमस्व. मी भिंग लावून ती रेघ पाहिली. तिच्यावर पेरापेराच्या अंतराने तीन गाठी आहेत.